टबातून काढलेलं चित्र

रविवार, ता. ९

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालते. कागद जाड आणि सुरकुतलेला आहे, पेन अडतंय, अक्षर नेहमीसारखं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

तू पाठवलेला भावोजींचा जुना शर्ट मिळाला. ठकीला तो गुडघ्यांच्या खाली येतो, बाह्या दुमडून दुमडून जाड वळकट्या होतात. रंगाच्या वर्गाला ती तोच घालून जाते. जायची, असं लिहायला हवं. त्याबद्दलच लिहिते आहे. मागच्या वेळी तू निघताना आपण जे बोललो, त्याबद्दल नाही.

शाळेतलं तुला अर्धंच माहीत आहे. कागदाला भोक पडेपर्यंत ठकी एकच ओळ खोडते, हे तू पाहिलंस. त्यानंतर तिने खोडणं बंद केलं, कारण लिहिणंच बंद केलं. तोंडी सगळं येतं. वर्गशिक्षिकेने मला बोलावून तिचे पेपर दाखवले. वर नावसुद्धा नव्हतं. वार्षिक परीक्षेत असंच झालं तर तिला याच वर्गात ठेवावं लागेल, म्हणाल्या. घरी येऊन मी विचारलं तर ठकी म्हणते, "कोऱ्या कागदात एकही चूक नसते, आई." मी दिवसभर दुकानांतले वजनकाटे तपासते. रिकामा काटा शून्य दाखवतो, आणि ते बरोबरच असतं.

रंगाच्या बाई वर्गशिक्षिकेनेच सुचवल्या. मुलं त्यांना चिखलबाई म्हणतात, तेही तोंडावर. गाडी ठेवायच्या खोलीत वर्ग भरतो. जमिनीवर प्लास्टिक, भिंतीला नळ, मधोमध पाण्याचा मोठा टब. ब्रश नाहीत. रंगात बुडवलेल्या गोट्या ट्रेमध्ये सोडायच्या आणि ट्रे हलवायचा, उमटेल ते उमटेल. पातळ रंग सांडायचा आणि त्यावर स्ट्रॉने फुंकर मारायची. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवतात. मुठीत धरलं की घट्ट, मूठ सोडली की ओघळ. पहिल्या दिवशी ठकी हात पाठीमागे बांधून उभी होती. बाई म्हणाल्या, "हात नको लावूस. नुसती फुंकर मार. चुकीची फुंकर कशी असते, ते मला दाखव बघू." तिने मारून पाहिली. हसली नाही, पण थांबलीही नाही.

वर्गाचा नियम एकच. चित्र घरी न्यायचं नाही. सुटताना ज्याने त्याने आपलं चित्र फाडून टबात टाकायचं. त्याचा लगदा होतो आणि बाई त्याचाच पुन्हा कागद करतात. "जे राहणारच नाही, ते चांगलं काढून करायचंय काय?" असं त्या पालकांना समजावतात. मला ते पटलं होतं. निदान पटलं असं मी डायरीत लिहिलं होतं.

हळूहळू ठकी रंग घेऊन घरी यायला लागली. एकदा जेवताना तिचा बाबा म्हणाला, "कानामागे शेवाळ उगवलं की काय गं?"

"ते शेवाळ नाही, मीच आहे."

आणि मग एक दिवस शाळेतून अर्धं पान लिहून आलं. चूक झाली तिथे खोडलं नव्हतं, आडवी रेघ मारून ती पुढे गेली होती. मी पान पाहिलं, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून थोडा वेळ उभी राहिले. एवढंच.

आता राहिलेलं लिहिते. एका शनिवारी मी वर्गाला लवकर पोचले. मुलं हात धूत होती. टबात वरच एक मोठं चित्र तरंगत होतं, कोपऱ्यात ठकीची खूण. फाडायला विसरली असावी. निळ्यातून एक पिवळा ओघळ खाली येत होता आणि मध्येच त्याला फाटे फुटले होते. मला चित्रातलं काही कळत नाही, पण मला तिथून हलता येईना. कोणी बघत नव्हतं. मी ते बाहेर काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं. डायरीत 'वाचवलं' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचताना 'उचललं' हा शब्द जास्त बरोबर वाटला. तरी मी ते दाबून वाळवलं, कडा पट्टीने सरळ कापल्या आणि फ्रेम करून जेवणाच्या टेबलासमोर लावलं.

"शिक्का मारायचा तेवढा राहिला," ठकीचा बाबा म्हणाला. तपासलेल्या काट्यावर आम्ही शिक्का मारतो, त्यावरून.

ठकी बराच वेळ बघत उभी होती. मग तिने विचारलं, "हे सगळ्यात चांगलं होतं?" मी हो म्हटलं. ताई, मला वाटलं मी तिला बक्षीस देते आहे.

पुढच्या शनिवारी ती तसाच ओघळ आणायला बसली. फुंकर मारायची, बघायची, कागद बाजूला सारायची. बाईंनी मला बाजूला घेतलं. "घरी भिंतीवर काही लावलंय का?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या पुढच्या शनिवारी ठकी शर्ट घालून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मला आता ते जमत नाही." त्या आठवड्यात शाळेतून पुन्हा कोरा कागद आला.

काल मी फ्रेम उतरवली आणि तिला म्हटलं, फाडून टाक. "नको, छान आहे ते." मी फाडायला घेतलं तर माझेही हात चालेनात. दोघी चित्र मधे ठेवून बसलो.

"खाण तशी माती," तिचा बाबा म्हणाला. "बसा आता."

शेवटी ठकीनेच ते उलटं केलं. "मागे कोरं आहे. मावशीला पत्र लिही ना यावर." पाकिटात मावतील असे तुकडे करायला कात्री तिनेच घेतली. मी पट्टी पुढे केली आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवली. ती वाकडं कापत गेली, मी बघत राहिले.

तर तू वाचते आहेस ती त्या चित्राची मागची बाजू आहे. तुकडे जुळवून बघू नकोस. बघितलेस तर फोनवर छान म्हणू नकोस.

तू म्हणाली होतीस, "तिला जरा सांडू दे की." आणि मी म्हटलं होतं, "सांडलेलं पुसायला तू येणार आहेस का?" त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. त्यानंतर तू शर्ट पाठवलास. तो आला त्याच दिवशी मी हे पत्र लिहायला हवं होतं.

शेवटच्या तुकड्याचा खालचा भाग मोकळा सोडते आहे. ठकी म्हणाली, "मी लिहीन, पण तू बघायचं नाहीस." मी कबूल केलं आहे. पाकीट ती बंद करणार, पेटीत तीच टाकणार. ती काय लिहील, लिहील की नाही, मला माहीत नाही. परीक्षा तोंडावर आली आहे आणि मला ते जाणून घ्यावंसं फार वाटेल. तू सांगू नकोस. जागा कोरी आली तरी नको. भरून आली तरी नको.

हे पत्र मी पुन्हा वाचून पाहिलेलं नाही.

तुझी,
धाकटी