लुइजिनो कुठे गेला?

सोमवार, ४ नोव्हेंबर

लुइजिनो नाहीसा झाला!

भुयारातली त्याची पेटी जागेवर. काच शाबूत, कुलूप शाबूत, आतला भरतकामाचा रुमालसुद्धा नीट घडी घातलेला — आणि लुइजिनो नाही. आई मेणबत्ती हातात धरून तशीच उभी. "कुणीतरी नेलं गं माझ्या पोराला," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता ही इथेच कोसळते.

पोलिसात आहे म्हणून तपास माझ्याच गळ्यात. पण तक्रारीत लिहू काय? हरवलेली व्यक्ती — लुइजिनो. काम — बेकरीत पोरगा. मृत्यू — शेकडो वर्षांपूर्वी, प्लेगनं. आडनाव माहीत नाही. नाव तरी कुठे माहीत होतं, तेही त्यानंच आईच्या स्वप्नात येऊन सांगितलं म्हणे! ठाण्यातले हसणार नाहीत, हे मात्र खरं. निम्म्यांच्या आया दर सोमवारी त्याच भुयारात आपापली दत्तक घेतलेली बेवारस कवटी पुसून तिच्या आत्म्याकडे मागणं मागत असतात.

हसण्यावारी न्यायचं कारण नाही. पुढच्या गुरुवारी आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय — आणखी लांबवू नका. आणि घरी आल्यावर आई म्हणते, "माझं एक काम अडकलंय त्याच्याकडे. तो सापडल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

पप्पांनी पेपरातून मान वर केली नाही. "हाडकं गेली तर गेली. खाली काय कमी पडलीत? दुसरं घे."

मंगळवार, ५

आईनं सूप परत पाठवलं.

बुधवार, ६

दोन्ना फोर्तुनाताकडे जाऊन आले. खालच्या मजल्यावरची. हिची कवटी लुइजिनोच्या शेजारीच असते, म्हणजे ही आमची दुहेरी शेजारीण. संशय घ्यायला अगदी योग्य बाई! गेल्या वर्षी आमच्या पेटीपुढची फुलं उचलून आपल्या पेटीपुढे ठेवताना पकडली होती तिला.

"मी चोरेन? त्या ऐतखाऊला?" कमरेवर हात. आवाज थेट चौकात. "माझ्या पेटीतली बाई मला लॉटरीचे आकडे देते! तुझ्या आईच्या त्या पोरानं काय दिलं आजवर? दिवे खाल्ले, रुमाल खाल्ले, प्रार्थना खाल्ल्या. दुसरी असती तर कधीच बदलला असता त्याला!"

बरोबर आहे तिचं. काम न करणाऱ्या आत्म्याचं तोंड भिंतीकडे करायचं, तरी ऐकलं नाही तर दुसरा घ्यायचा — अशीच रीत आहे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "देईल. त्याला घाई नाही, मलाही नाही." मग दम लागला. बोलायचंही बंद केलं.

निघताना फोर्तुनातानं माझ्या हातात वांग्याचं भांडं कोंबलं. "तिला भरव. आणि सांग, मी नाही घेतला." डोळे पुसत होती बया. ही चोर नव्हे.

शुक्रवार, ८

भुयाराचे रखवालदार डॉन एलिजिओ. त्यांना विचारून विचारून बेजार केलं. शेवटी म्हणाले, "पोरी, दोन तारखेला मृतांचा दिवस होता. अख्खं नेपल्स खाली उतरलं होतं. कोण काय पिशवीत घालून गेलं, मी काय सांगू?"

त्या दिवशी आईला जिना उतरवला नव्हता. म्हणूनच आम्हाला उशिरा कळलं.

आईचे ओठ निळसर दिसतात. उशीला टेकून बसून राहते. मी रागावले, "एका कवटीपायी जीव देणार आहेस का?" तर माझाच हात थोपटत बसली. स्वयंपाकघरात जाऊन रडले. पप्पा घरात नव्हते. हल्ली असतातच कुठे! जेवण झालं की आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात. एक ड्रॉवर बसत नाही म्हणे. आयुष्यात पप्पांचा ड्रॉवर न बसलेला मी पाहिला नाही.

शनिवार, ९

इतके दिवस पेटी पुढूनच बघत होते मी. मूर्ख! आज बॅटरी घेऊन मागून बघितली. शेजारच्या सगळ्या पेट्यांच्या पाठीवर धुळीचा थर. आमच्या पेटीची एक कड स्वच्छ. डावा खालचा कोपरा दाबला — फळी अलगद सरकली. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसती खाच.

माझ्या लहानपणच्या खेळण्यांच्या खोक्याला अशीच फळी होती. त्याची युक्ती घरात दोघांनाच माहीत. एक मी. आणि पेटी काही मी बनवलेली नाही.

तिथेच बसले, थंड दगडावर. पप्पा! देवळाची पायरी न चढलेला माणूस. माझ्या बाप्तिस्म्याला बाहेर रस्त्यावर सिगरेट ओढत उभे राहिलेले. आईला लग्नाच्या वर्षी ही पेटी करून दिली तेव्हा म्हणाले होते, "लाकूड ते लाकूड, आत काहीही ठेव." आणि आता, ती अशी असताना, तिची थट्टा? मला इतका संताप आला की आज जेवायला त्यांच्यासमोर बसले नाही.

रविवार, १०

रश्श्याचं पातेलं खाली उतरवलं तरी पप्पा आले नाहीत. मीच बोलवायला कारखान्यात गेले. बोलवायला कसली — जाब विचारायला. दार अर्धवट उघडं होतं.

लाकडाच्या भुशाच्या मऊ ढिगावर लुइजिनो. पप्पा स्टुलावर, मांडीवर फडकं. बोलत होते.

"हे बघ, माझा तुझ्यावर विश्वास नाही. आधीच सांगून ठेवतो, मागाहून भानगड नको. पण तिचा आहे. मी तापानं फणफणलो होतो तरी तुझा सोमवार चुकवला नाही तिनं! आता तू तिचं कर. मला मागता येत नाही रे. कसं मागतात ते कधी शिकलोच नाही." मांडीवरच्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसलं. मग हळू, "पाया पडतो तुझ्या."

आणि खरंच हात जोडले. ते सुताराचे जाडे हात, बोटंसुद्धा नीट जुळत नव्हती.

माझा सगळा राग गळून गेला. दारातच हुंदका फुटला.

पप्पा दचकून उठले. "जेवण झालं का?" म्हणे!

"पप्पा, तिथेच का नाही मागितलंत?"

"फोर्तुनातासमोर? उद्या सगळी आळी हसली असती. साबातिनो सुतार गुडघ्यावर!" नाक पुसलं. "सोमवारच्या आत ठेवणार होतो गं. पण मागून झालं नव्हतं. मग तिला कळलं, आणि मग… कसं सांगू? हसेल ती मला. आयुष्यभर —"

त्या शब्दावर तोंड फिरवलं. मी जवळ गेले. लहानपणी कधी धरलं नसेल असं धरलं त्यांना.

सोमवार, ११

पोलीस अधिकारी असून चोराला मदत केली. सकाळी डॉन एलिजिओंना कॉफी पाजत, त्यांच्या गुडघेदुखीची कहाणी ऐकत दारात अडकवून ठेवलं. पप्पा त्यांच्या पाठीमागून आत सटकून, फळी सरकवून, काम करून आले. बाहेर आल्यावर टोपी नीट करत म्हणाले, "किती दमट आहे आत!"

मग आईला खुर्चीत बसवून खाली नेलं. पेटी उघडली आणि माझी पाचावर धारण बसली. लुइजिनो झळाळत होता! जेवणाच्या टेबलासारखा! पप्पांना कुणी सांगितलं नव्हतं की कापसानं पुसायचं असतं. त्यांनी मधमेण घासून पॉलिश केलं होतं.

आईनं त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मी घाईघाईनं म्हणाले, "चर्चवाल्यांनी सफाईला नेला होता."

"हो का," म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. वर येताना माझा हात दाबला. "डॉक्टरांना सांग, येते मी."

पचली थाप! घरी येऊन दोन ताटल्या शेवया खाल्ल्या तिनं.

गुरुवार, १४

नेलं आत. दारापर्यंत हसत होती. पप्पा पेपर धरून बसलेत, उलटा.

शनिवार, १६

शुद्धीवर आहे. झडप चालते. पप्पा संत्री आणायला गेले तेव्हा मला जवळ ओढलं. आवाज अगदी बारीक.

"मधमेण होतं ना गं? काही मागायचं नसतं तर ह्यांनी त्याला नेलंच कशाला असतं!"

मी तिची उशी सारखी करायला लागले.

"ऑपरेशनसाठी मी लुइजिनोकडे काही मागितलंच नव्हतं. लग्नापासून एकच मागत होते — तुझ्या पप्पांनी एकदा तरी हात जोडावेत. नाहीतर मेल्यावर ते कुठे, मी कुठे! मरायची भीती नव्हती मला. तिकडे एकटी राहायची होती." डोळे मिटले. वाटलं झोपली. मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस मला कळलंय म्हणून. लाजेनं मरतील. आणि आता काय, घाई नाही."