जांभळाचा सूड

१४ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण एकच : पुंजाजी. नात्याने साडू, घराने शेजारी, वृत्तीने साप. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ग्यानबाच्या मळ्यात आम्हा घरगुती वाईनवाल्यांचा मुकाबला झाला. माझी संत्र्याची वाईन पुंजाजीने तोंडात घेतली आणि सगळ्यांदेखत थुंकली. वर म्हणे, जगदेवराव, हे वाईन हाय का निंबाचा काढा? तेरा माणसं हसली. तेराही नावं लक्षात आहेत.
संत्र्याची साल आत राहिली होती, ही टेक्निकल बाब. तिच्यावर कोणी बोललं नाही.
संकल्प : यंदा लोक थुंकतील ते पुंजाजीच्या नावावर.

१५ जून
वाईनवाल्यांच्या ग्रुपवर पोल. आवडती वाईन कोणती? काळी द्राक्षं नऊ, संत्रा तीन, जांभूळ एक, सीताफळ एक. जांभूळ म्हणजे मी. राहायचं रिठदला, द्राक्षं आणायची नाशिककडची, आणि मिशीला पीळ द्यायचा, असला हा पुंजाजी. मार्चमध्येच वाईन घालून बसलाय म्हणे.
सीताफळ कोणाचं ते कळलं नाही. त्याच्याकडे नंतर बघू.

१८ जून
शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाची बारा किलो जांभळं बरणीत. रोज दोन वेळा स्वतः ढवळणार. साखर मोजायला हायड्रोमीटर मागवणार. सगळं शास्त्रशुद्ध.

२६ जून
हायड्रोमीटर रद्द. हाताला अंदाज आहे.
पेरणीमुळे ढवळायचं काम बायकोकडे, तुळसाबाईकडे दिलं. ती म्हणे, शेणाचं जीवामृत ढवळतो तसंच ढवळतो ना मी, काठी फक्त येगळी घेतो. म्हटलं घे. प्लॅनिंग माझं आहे, हेही तिला सांगून ठेवलं.

९ जुलै
बरणी फसफसतेय. पुंजाजीचे दिवस भरले. झाकण गच्च आवळलं, ताकद आतच राहिली पाहिजे. तुळसाबाई म्हणे, काहून आवळून राह्यले, फुटंन ना ते. बायकोला सायन्स कोण शिकवणार!

१० जुलै
झाकण सैल. उंदीर असावेत.

३० जुलै
गाळून बाटल्या भरल्या. थोडी गढूळ आहे. गढूळ म्हणजे बॉडी.
चाखली नाही. पहिला घोट शत्रूच्या पराभवानंतर, अशी प्रतिज्ञा केली आहे. गेल्या सालची चव अजून जिभेवर आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

१९ ऑगस्ट
बैलाची झूल मागायच्या निमित्ताने पुंजाजीकडे गेलो. त्याची वाईन पाहिली. नितळ. उजेडात धरली की लालचुटुक. हरामखोर.
घरी येऊन विनाकारण शेळीवर ओरडलो. तुळसाबाई म्हणे, मी चाखली ना आपली, लय मस्त झाली. ती संत्र्याच्या वाईनलाही मस्तच म्हणाली होती.

२१ ऑगस्ट
खूप विचार केला. माझी वाईन फार वरच्या दर्जाची आहे. या लोकांना ती समजणारच नाही. थुंकतील. थुंकू देत, पण माझ्याच नावावर काहून?

२२ ऑगस्ट, पोळा
ग्यानबाचा नियम : बाटलीवर नाव लिहायचं नाही. बैलाच्या गळ्यात बांधतो तसा बाटलीच्या गळ्यात रंगीत दोरा. यादी ग्यानबाच्या खिशात. मला हिरवा, पुंजाजीला लाल. बाटल्या ग्यानबाच्या खोलीत ठेवलेल्या.
सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली. मी पोटात कळ आल्याचं सांगून सटकलो आणि दोरे बदलले. माझ्या बाटलीला लाल, त्याच्या बाटलीला हिरवा. याला चोरी म्हणत नाहीत, न्याय म्हणतात.
तोवर माझे बैल पुंजाजीने धरून ठेवले होते. स्वतःहून. म्हणे, तुमी जा, तब्येत पाहा, बैल मी पाह्यतो. सावज स्वतःच्या पायाने जाळ्यात आलं.

२३ ऑगस्ट, कर, दुपार
लाल दोऱ्याची बाटली फिरली. मी थू ऐकायला कान टवकारून बसलो. कोणी थुंकेना. ग्यानबाने पेला पुन्हा भरला. मग सगळ्यांनीच भरला.
पहिला नंबर लाल. पुंजाजी.
हिरव्या दोऱ्याची आंबून शिरका झालेली. त्या तेरांतला सोमला उठून कुंपणापाशी गेला आणि थुंकला. माझ्या नावावर. तेरा माणसं हसली. तीच.
पुंजाजीने आपल्या वाईनचा घोट घेतला, जरा विचारात पडला, मग म्हणे, काळी द्राक्षं बराबर मुरली का त्याले जांभळाचा वास सुटते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तोंड उघडलं तर चोर ठरतो, मिटलं तर आंबट. मिटलं.
ग्रुपवर लगेच नवा पोल. काळी द्राक्षं तेरा, जांभूळ शून्य. सीताफळवाल्याने मात्र मत बदललं नाही.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
पुंजाजी आला. हातात लाल दोऱ्याची उरलेली बाटली. म्हणे, मागच्या साली मी थुंकलो ते चुकलंच माह्यं, जगदेवराव, राग नका ठेवू. हे घ्या, घरी चाखा. पुढच्या खेपेले द्राक्षं संगंच आणू.
तो गेल्यावर पहिला घोट घेतला. इतकी चांगली वाईन मी जन्मात प्यालो नाही.
तुळसाबाईने येऊन बाटलीला नाक लावलं. म्हणे, हे तं आपलं जांभूळ व्हय! महिनाभर ढवळलं मी, मले वळखू नाही येनार का?
म्हटलं, नाही, द्राक्षं आहेत. पुंजाजीची. पहिला नंबर.
ती म्हणे, मंग आपली कुठी गेली?
म्हटलं, थुंकली लोकांनी.
ती म्हणे, माह्या हाताले चवच नसंन मंग. आणि आत गेली.
बाटली अजून अर्धी आहे. घशाखाली उतरत नाही.