फौजदाराची टोपली

मंगळवार, ता. ९ जुलै

भाऊजी,

इकडे सगळे बरे. सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. आशीर्वादाचं शेवटी बघू, आधी माशांचं सांगते. कारण बोटीवरून फोन करून तुम्ही तेवढंच विचारलंत. बायको कशी आहे हे विचारायच्या वेळेला बरी रेंज गेली! मी बोलायला लागले की "ठेवतो वहिनी" म्हणता. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

काचेच्या पेटीत समुद्राचं पाणी ठेवून मासे पाळायची हौस तुमची आणि बादलीत मीठ कालवत बसायचं मी. असो. मीठ घरखर्चात घातलंय, वेगळं मागत नाही.

तुमचा तो निळा मासा बोटाएवढाही नाही, पण दोन फुटांची सगळी पेटी बापाची असल्यासारखा वागतो. मी त्याला फौजदार म्हणते. मधल्या मोठ्या दगडाखालची कपार त्याची. तिच्या आसपास कोणी फिरकलं की अंगावर जायचं, शेपटी फाडायची. केशरी पट्ट्यांची ती बिचारी वरच्या कोपऱ्यात, पाणी खेचणाऱ्या नळीला चिकटून राहायची. खायलासुद्धा खाली येईना.

"जास्त झालं तर केशरीला बादलीत काढून ठेवा, तो आपोआप शांत होतो," असं तुम्हीच सांगून गेलात. तसं तीनदा केलं. बादलीत ती बरी व्हायची, परत सोडली की तासाभरात पुन्हा तेच. ती नसताना सगळी पेटी त्याचीच होऊन बसायची, दुसरं काय!

चौथ्यांदा मी जाळी घेतली. तुमची बायको, आपली धाकटी, बादली घेऊन उभी होती. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत तिची, म्हणून बादली कोपरात अडकवून धरते. म्हणाली, "ताई, दर वेळी हिलाच का काढायचं?"

मी म्हटलं, "ही हाताला लागते गं. तो कुठे सापडतोय?"

बोलले आणि तिच्या त्या दोन बोटांकडे नजर गेली. जाळी तशीच पाण्यात.

भाऊजी, अंगाची आग आग झाली माझ्या. बोटं कपाटाच्या दारात सापडली, एवढंच डॉक्टरांना सांगितलं गेलं. दार कोणी लोटलं ते कोणी सांगितलं नाही. तुमचा पारा चढला की या घरात पिशवी भरायची ती तिची. "तू जा गं दोन दिवस माहेरी, तो तापट आहे," म्हणणाऱ्या आम्हीच. आणि परत आली की तुम्ही विचारायचं, "कोणी बोलावलं होतं?" तापट म्हणे! साहेबासमोर कसे गार असता? रोज देवापुढे हात जोडणारं घर आपलं, लाज वाटते.

त्या दिवशी मी सगळेच दगड बाहेर काढले. फौजदार शेवटच्या दगडाच्या भोकात बसून दगडाबरोबरच वर आला आणि परातीत तडफडायला लागला. राहू दे तसाच, असं मनात आलं होतं. पण जीव आहे, उचलला. भाजी धुवायच्या जाळीच्या टोपलीत घालून टोपली पेटीतच वर अडकवली. पाणी तेच, खाणं तेच, फक्त दात कोणाला लागणार नाहीत. मग दगड निराळे रचले. ती कपार ठेवली नाही.

केशरी आधी नळीपाशीच घुटमळली. मग एके दिवशी खाली उतरली आणि डावीकडच्या दगडामागे तिनं जागा धरली. ती तिथे पक्की झाल्यावरच फौजदाराला सोडला. गेला तडक मधोमध, कपार शोधत. सापडेना. केशरीकडे वळला, तर तीच त्याच्यावर धावून गेली!

धाकटी हसली. ती हसते कशी हे मी विसरले होते.

आता नीट वाचा. घरातलेही दगड हलवलेत. तुमच्या खोलीत आता धाकटीचं शिलाईमशीन आहे, दाराला आतून कडी बसवली आहे. तुमचं सामान यांच्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत गेलं. यांनीच उठून टेम्पो बोलावून आणला. ते कपाटही तिकडेच आहे. त्याचं दार नीट लागत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. बोटीवरून उतरलात की तिथे राहायचं.

सासूबाईंना सकाळी सांगितलं. संध्याकाळी म्हणाल्या, "त्याची गादी उन्हात घाल. तिकडे ओल असते."

घरी कधी यायचं ते मला विचारू नका, सासूबाईंना तर नाहीच नाही. ते धाकटी ठरवेल. बोलवेल तेव्हा, आणि बोलावलं तर. त्याआधी पायरी चढलात, तर दारात मी उभी असेन, आणि मी हाताला लागणाऱ्यातली नाही.

दोन वेळचा डबा हे आणून देतील. आशीर्वाद लिहायला आज हात उठत नाही. डबा मात्र चुकणार नाही.

वहिनी