गंगीचा एकच सूर

आरमोरी

प्रिय रहीमभाऊ,

परवा तुमचा चाळिसावा दिवस झाला. जेवणं उरकल्यावर तुमचा पोरगा सलीम, ट्रॉम्बोनवाला शंकर आणि मी बँडच्या खोलीत जाऊन बसलो आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच वाद्यं हातात घेतली. तिथं जे झालं ते तुमच्याखेरीज कोणाला सांगू? म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, चालवून घ्या.

आम्ही तुमचे हत्ती वाजवायला बसलो होतो.

अहेरीकडच्या लग्नाहून येताना गाडीचा पाटा तुटला होता, आठवतं ना? ड्रायव्हर नवा पाटा आणायला चंद्रपूरला गेला आणि आपण लाकूड ओढणाऱ्या हत्तींच्या कॅम्पात तीन दिवस अडकलो. आम्ही पत्ते कुटले. तुम्ही हत्तींकडे बघत बसलात आणि घरी येऊन चार तुकडे बांधलेत, तुमचं क्लॅरिनेट सोडलं तर नव्या शिकाऊंनाही जमतील असे सोपे. पहिला म्हाताऱ्या सुळेवाल्याच्या चालण्याचा, त्यात माझ्या बेसच्या भोंग्याला दोनच सूर. दुसरा नदीतल्या आंघोळीचा. तिसरा ओंडका अर्ध्यात टाकून अडून बसणाऱ्या भोल्याचा. तिथं सगळ्यांनी एकदम थांबायचं आणि तुमच्या एकट्या क्लॅरिनेटनं त्याची मनधरणी करायची. वरातीत तो वाजला की म्हातारे लोकसुद्धा खुदखुदायचे.

चौथा गंगी हत्तिणीचा. तिचं पिल्लू मेलं होतं आणि ती त्याच्यापाशी उभी होती. आपण निघालो तेव्हाही उभीच होती. त्या तुकड्याला चालच नाही. एकच सूर, आळीपाळीनं धरायचा. एकाचा श्वास संपायच्या आत पुढच्यानं तो उचलायचा, तुटू द्यायचा नाही. शंकर, सलीम, मी, तुम्ही आणि परत शंकर.

"भाऊ, लग्नात हे वाजवलं तं लोकं मारतीन आपल्याले," शंकर म्हणाला होता. मी तर पोट धरून हसलो होतो.

"लग्नासाठी नाई हाये ते," तुम्ही म्हणालात. "पण शिकून ठेवा."

गेल्या पावसाळ्यात दम्यानं तुम्हाला खाटेवर बसवलं तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत. बोलता बोलता दोनदा थांबलात. "देवराव, हत्तींची क्लॅरिनेटवरची चाल माह्यापासून घेऊन ठेव. सलीमच्या तोंडाले नाई जमत ते, तुले जमन."

मी म्हटलं, शेतातला धानाचा रोवणा झाला की येतो. रोवणा झाला, मग धानकापणी आली, मग लग्नसराई. तुमच्या दारावरून रोज सायकलनं जायचो, भाऊ. घंटी वाजवायचो आणि पुढे निघायचो. तुम्हाला ती घंटी आत ऐकू यायची का?

थोडा राग तुमच्यावरही आहे. सिनेमातल्या गाण्यांनी तुमच्या वह्या भरल्यात, मग हत्ती का नाही उतरवले? सलीमच्या टेपरेकॉर्डरमध्ये एक कॅसेट घालायला काय झालं होतं? मी एकदा विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "गाणं दुसऱ्याचं रायते, ते लिहा लागते. हे तं आपलं हाये. आपण काय मरून राह्यलो का?"

आणि गेलात. साऱ्या तालुक्याच्या दारांत तुम्ही वाजवलं, पण तुमच्या जनाज्यामागे आम्ही रिकाम्या हातांनी चाललो. कब्रस्तानात तीन मुठी माती टाकली. तेव्हाही माझे ओठ सवयीनं आवळले जात होते. फुंकायला मात्र काही नव्हतं.

परवा पहिला तुकडा सुरू केला. माझे दोन सूर पडत होते, शंकरचेही पडत होते. पावलं वाजत होती, पण हत्ती नव्हता. तेव्हा कळलं की चाल कायम तुमच्याकडेच होती, आम्ही नुसता आधार द्यायचो. दुसऱ्याचं तेच झालं. तिसऱ्यात ठरल्या जागी तिघंही एकदम थांबलो आणि थांबूनच राहिलो. सलीमनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग शंकरनं गंगीचा सूर लावला. त्याच्याकडून सलीमनं उचलला, सलीमकडून मी. माझा श्वास संपत आला. मी शंकरकडे पाहिलं. तो ट्रॉम्बोन ओठांपाशी धरून खाली बघत होता. सवयीनं तुमची पाळी जाऊ देत होता. सूर तुटला.

शंकरनं ट्रॉम्बोन मांडीवर आडवा ठेवला. "आता तिघंच हावो," तो म्हणाला. "भाऊची पाळी काढून टाकू का?"

"नाई," मी म्हटलं.

पहिले तीन तुकडे माझ्या टाळाटाळीपायी तुमच्याबरोबर मातीत गेले. ते परत आणीन अशी थाप तुम्हाला मारणार नाही. ज्याला हसलो तोच एक उरलाय, कारण त्यात घ्यायला चालच नव्हती. कालपासून सकाळी बेस घेऊन बांधावर जातो आणि एका श्वासात किती धरता येतं ते बघतो. माझी आणि तुमची, अशा दोन पाळ्यांना अजून पुरत नाही.

पण भाऊ, तुमची पाळी निघणार नाही. शंकर खाली बघत तुमच्यासाठी थांबेल, तेवढा थांबू दे. तो उचलेपर्यंत मी सूर सोडणार नाही, हा माझा शब्द.

तुमचा बेसवाला,
देवराव