पाण्यात मोजलेलं गाव

४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. विमानांनी आभाळात उंचावर बारीक कण फवारायचे, थोडं ऊन परत धाडायचं, म्हणजे समुद्र निवेल, वादळं नरमतील आणि वादळाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर गारवा राहील, असं तुझं गणित सांगतं. सोमवारी तू त्या प्रयोगावर सही करणार. ऊन काय कुणाच्या बापाचं आहे, की चार जणांनी बंद खोलीत त्याची वाटणी करावी? तुझी वहिनी म्हणते, गावच्या सभा गाजवून याचं भागत नाही, हा पत्रातसुद्धा माईक धरतो.

ते मोठं वादळ आठवतं? छप्पर उडालं आणि आत्या म्हणाली, चला, आता खोलीत उजेड छान येईल. पलंगाखाली आपण पोट धरून हसलो. वादळानं तिला नेलं नाही. वारा पडला, वीज नव्हती, आभाळ लख्ख, भिंती तापलेल्या. तू तिच्या कपाळावर ओला टॉवेल ठेवत राहिलीस. त्या उकाड्यानं नेलं तिला. तो तुझ्या गणितात आहे का?

रागासकट लोभ आहेच.
दादा

१२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी रडले, मग चिडले, मग आपलं गाव नकाशात शोधलं. आमच्या गणितात पृथ्वीचे मोठे चौकोन असतात. ज्यात पाणी जास्त, तो अख्खा चौकोन समुद्र. बंदर, शाळा, आत्याची खोली, सगळं आम्ही पाण्यात धरलं होतं.

लहान चौकोन करून पुन्हा मांडलं. वादळ खरंच नरमतं. पण वादळानंतरचा जमिनीवरचा उकाडा जवळजवळ तसाच राहतो. आतल्या गावांत पाऊस घटल्यामुळे तो वाढतोच. आमचे प्रमुख म्हणाले, सरासरी उत्तम आहे, एका गावासाठी अडू नका. मी विचारलं, "सरासरी कुठल्या खोलीत झोपते?"

सही केली नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना विचारल्याशिवाय करणार नाही, असं लिहून दिलं. मग विचारायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. रविवारी येते. गारवा आणि उकाडा, दोन्ही सांगेन. लोक हो म्हणाले तर सही करेन, तुला आवडो न आवडो. माझं संपेपर्यंत तू बोलायचं नाहीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

१५ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

ये. शाळेचा हॉल मिळाला. वेळ भर दुपारची घेतली आहे आणि पंखे बंद ठेवायला सांगितलं आहे. मी एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
दादा