केदेशच्या वेशीआत

हुकोक, जवाची कापणी

चि. एल्दाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

केदेशला पोचलास, असं मीठवाल्याने सांगितलं. जाताना मागे वळूनही पाहिलं नाहीस. मुद्दाम मारलं नाही तर चोरासारखा का पळू, म्हणालास. अरे, कुऱ्हाडीचं पातं निसटून हेबेरच्या मानेत शिरलं, हे मी जाणते. त्याचा भाऊ शम्मा ऐकून घेईना. रक्ताला रक्त म्हणत कोयता परजत होता. म्हणून भाकरी हातात कोंबली आणि ढकललं तुला. पुन्हा ढकलीन.

तुझ्या बाबांशी मी बोलत नाही. दांडा हलतोय, पाचर ठोका, म्हणून घसा कोरडा केला. यांचं आपलं उद्या, उद्या. आणि हेबेरची आई, तुझी मावशी, माझी सख्खी बहीण, विहिरीवर मला पाहून थुंकली. थुंकू दे. तिचा मुलगा गेलाय. पण जन्मल्यावर त्याला पहिली आंघोळ मीच घातली होती रे.

केदेश आश्रयाचं नगर आहे, वेशीआत शम्मा तुला हात लावू शकत नाही. वेशीबाहेर पाऊल टाकू नकोस.

तुझी आई, हगला

(लिहून देणाऱ्या लेवीला दम दिलाय, शब्द सौम्य केलास तर शाई तोंडाला फासीन.)

केदेश, अंजिरं पिकताना

ती. आईस एल्दादचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इथल्या पंचांनी निवाडा केला की मी निर्दोष. आणि निर्दोष असूनही महायाजक, म्हणजे सगळ्यात मोठा पुजारी, मरेपर्यंत इथेच राहायचं; तो मेला की कायद्याने आम्ही सगळे आश्रित घरी जायला मोकळे! बाहेर सापडलो आणि शम्माने मारलं, तर त्याला दोष नाही. हा कसला न्याय? महायाजक तर ठणठणीत आहे. आम्ही त्याचं मरण मागू नये म्हणून त्याची म्हातारी आई आम्हाला अंजिरं आणि अंगरखे वाटते. मी टोपली लाथाडली. ती सांडलेली अंजिरं वेचत बसली.

द्राक्षतोडणीला मी घरी येतोय. तुझी भीती तुझ्यापाशी ठेव.

राग मानू नये. मानलास तरी येणारच.

एल्दाद

हुकोक, द्राक्षतोडणीआधी

चि. एल्दाद यास आशीर्वाद, लायकी नसताना.

आलास तर तंगडी मीच मोडीन. शम्मा तुझ्या वाटेवर, ओढ्याच्या उतारावर झोपडी घालून बसलाय. सांगितलं कोणी? मावशीने. भर दुपारी दारात उभी राहिली. म्हणाली, तुझ्या पोराचं तोंड मला बघायचं नाही, पण त्याला येऊ देऊ नकोस. शम्माच्या हाताला रक्त लागलं की माझे दोन्ही गेले. पाणी दिलं, प्यायली नाही. आम्ही भांडलो, रडलो, परत भांडलो.

तुला बाहेर पडायची बंदी आहे, मला आत यायची नाही. शेळ्या घेऊन निघालेय. बाबांना म्हटलं, आता आपल्या भाकरी आपण थापा.

त्या म्हातारीचे पाय धर. ती आपलं पोर जगवायलाच फिरते, मी वेगळं काय करतेय? मात्र तिच्या मुलाला दीर्घायुष्य मी चिंतणार नाही, हे तिला तोंडावर सांगेन.

लोभ आहेच; सध्या राग जास्त आहे.

आई