तळपायावरची टिचकी

४ नोव्हेंबर १९९६
बाळ आज महिन्याचं. वाशीच्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत. दोन महिने आधी आलं, बापासारखंच घाईचं. मधेच श्वास घ्यायचा विसरतं. मग तळपायावर टिचकी मारायची. फरीदा सिस्टरनी शिकवलं. आता बोट आपोआप उठतं.

५ नोव्हें.
डॉक्टरांना विचारलं, विसरतं म्हणजे काय? मेंदूत अॅडेनोसिन असतं म्हणे. पेशी-पेशींमधले निरोप मंद करतं. मोठ्यांना त्यानं झोप येते. याच्या कच्च्या मेंदूत 'श्वास घे' हा निरोपच पडून राहतो. औषध, थिओफिलिन, त्याची जागा आधीच अडवतं.
"एस्टीत रुमाल टाकतात तसं?"
हसले. "तसंच. अॅडेनोसिन उभंच राहतं, निरोप पुढे जातो."
चहातल्या द्रव्याचं भावंड हे. सासूबाई साताऱ्याहून आल्यात. "मंजी लेकराला च्याच पाजत्यात की." मला मात्र चहा बंद, दुधातून जास्तीचा डोस नको.

९ नोव्हें.
औषध थांबवलं. रुमाल उचलला. सात दिवस एकदाही विसरलं नाही तर घरी, नावड्याला. छाती थांबली तरी वीस मोजायच्या आत आपणहून श्वास घेतला, तर ते विसरणं धरत नाहीत. ह्यांनी पाळणा आणून ठेवलाय. धीर नाही माणसाला.

१५ नोव्हें.
सहावा दिवस. दुपारी सिस्टर पलीकडच्या पेटीपाशी. बाळाची छाती थांबली. थांबून बघायचं होतं, पण बोटानं टिचकी मारलीसुद्धा. श्वास घेतला. टिचकीनं, की आपणहून? कुणी पाहिलं नाही. उद्या घरी.

तोच दिवस, संध्याकाळ
राहवेना. घरी विसरलं आणि माझा डोळा लागलेला असला तर? सांगितलं सिस्टरना.
"तुमी मारली म्हणून घेतला, का आपणहून?"
"माहीत नाही."
फाइलवर लिहिलं. "चला ताई, परत एकपासून."
रडू आलं. हे म्हणाले, बरं केलंस. पाळण्याचं नाव काढलं नाही.

२१ नोव्हें.
परत सहावा दिवस. सिस्टर समोर स्टुलावर, घड्याळ घेऊन. म्हणाल्या, "तुमी हात गुंतवा कशात तरी, मी हाय ना." म्हणून पेटीशेजारी बसून लिहितेय. टिचकीचं बोट पेनात अडकलेलं बरं.
छाती हलतेय. हलतेय.
थांबली. सिस्टर मोजतायत. पेन सोडायचं नाही. तीन. चार